कणसाच्या काठातल्या तीन रिकाम्या ओळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य साहेब, मंचावर विराजमान सर्व विभागप्रमुख, ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती उत्तरा मॅडम आणि त्यांचे यजमान, संगणक विभागाचे सर्व सर अन् मॅडम, प्रयोगशाळेचे चपराशी भाऊ, विद्यार्थी मित्रांनो, आणि मागं पंख्याखाली जागा धरून बसलेल्या माझ्या वयाच्या बायांनो, तुम्हा सर्वांना रुख्माबाईचा नमस्कार.

बाया सोडून इथवर मोनालीनं लिहून दिलं होतं, ते पाठ आहे. मोनाली म्हणजे माझी नात, ती पाहा तिसऱ्या रांगेत, हिरव्या ओढणीची. पुढचंही दिलं आहे तिनं, चांगलं दोन पानं. पण अक्षर बारीक काढलं अन् माझा जवळचा चष्मा घरीच राहिला, तिकडं नंदनवन वस्तीत. म्हणून कागद पिशवीत ठेवते अन् माझ्या मनानं बोलते. ती आतापासूनच हातानं खुणा करून राहिली, आजी लवकर आटप म्हणून. आटपते वं. माझ्या आधी पाच जण बोलले, कोणी घड्याळ पाहिलं नाही. मीच काहून पाहू?

खरं सांगायचं तं मी थकली आहे. दोन जिने चढून आली, वरून ही खुर्ची अशी की गुडघा पुरा वाकतही नाही अन् पुरा सरळही होत नाही. मॅडमचा चेहरा पाहा, त्याही थकल्या. सकाळपासून हार घालून घेऊन राहिल्या. एकतीस वर्षं पोरांच्या चुका शोधल्या त्यांनी. चूक करणारा दरवर्षी नवा येते, शोधणारी बाई तीच राहते. थकणार नाही तं काय?

आता तुम्ही म्हणाल, तिसरी शिकलेल्या या म्हातारीचं संगणकाच्या कॉलेजात काय काम? तेच सांगायले उभी आहे.

आम्ही कोष्टी. माझं सासर विणकराचं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मी बावीस वर्षं लुगडी विणली. काठाचे नमुने कोणी कागदावर काढत नव्हतं. किती धागे उचलायचे, किती सोडायचे, हे सासू बोलत जायची अन् सून विणत जायची. "तीन उचल, एक सोड, दोन उचल." धोटा म्हणजे ती लाकडाची होडी, आत सुताची कांडी असते, ती इकडून तिकडं फेकली की एक ओळ झाली. असे एक्केचाळीस काठ माझ्या डोक्यात होते. पुढं माग बंद झाला, खड्डा बुजवून वर टाईल लावल्या, आज तिथं मोनालीच्या बापाची मोटारसायकल उभी राहते. काठ डोक्यातच राहिले.

मोनालीले शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. तिनं पडद्यावर लिहायचं सॉफ्टवेअर बनवलं. लिहा, खोडा, मधात शब्द घाला, ठेवून द्या, असं. मॅडमले दाखवायले गेली. मॅडमनं विचारलं, "किती जणांनी वापरलं?"

मोनाली म्हणे, "मी वापरलं, मॅडम."

"मंग ते सॉफ्टवेअर नाही झालं, तुझी रफ वही झाली. घरात असं कोणी आहे का, ज्याच्याजवळ लिहायले खूप आहे अन् ज्याले संगणक येत नाही?"

झालं. दर शनिवारी माझी वरात या कॉलेजात निघू लागली. काठ मी बोटानं टिपायचे, एका फेकीची एक ओळ. तुमच्या त्या प्रयोगशाळेत एवढी थंडी की मी उन्हाळ्यात शाल घेऊन यायची अन् बसमधले लोक पाहायचे. चपराशी भाऊ माझ्यासाठी पंखा बंद करायचे, एसी कसा बंद करायचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी माझा जीव गेला. चोवीस ओळी टिपल्या, पंचविसावी टिपली तं पहिली गायब. मी म्हटलं, "बाप्पा, गेलं. मोनाली, गेलं वं सारं."

"गेलं नाही आजी, वर आहे."

मी उठून संगणकाच्या त्या टीव्हीच्या वर पाहिलं. हसा, हसा. मोनालीही हसली, मागच्या बाकावरचे पोट्टेही हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाही. त्यांनी खुर्ची ओढली अन् विचारलं, "आजी, तुम्हाले कुठं गेलं असं वाटलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "मॅडम, लुगडं नऊ वारी. पण विणणारणीच्या पुढ्यात एक हातभर राहते. विणलं ते पोटाजवळच्या रुळावर गुंडाळत जाते. दिसत नाही, पण असते. तसंच आहे काय हे?"

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच आहे. मोनाली, तुझं सॉफ्टवेअर काय काय ध्यानात ठेवते, ते आजीले सांग बरं. परीक्षा समज."

पोरीनं सांगितलं. एक, सारं लिखाण, दिसो न दिसो. दोन, आता कुठं लिहून राहिलो ती जागा, तिथं ती काडी लुकलुकते. तीन, पडद्यावर सर्वांत वरती कितवी ओळ आहे. चार, ठेवून दिल्यानंतर काही बदललं का. बदललं असलं तर नावाजवळ एक चांदणी दिसते. मी ऐकलं अन् विचारलं, "अन् धोटा कोणत्या बाजूले आहे, ते?"

"ते काय असते आजी?"

सांगते. विणणारीण जेवायले उठली, लेकरू रडलं, काहीही झालं, तं ती उठायच्या आधी दोन कामं करते. शेवटच्या ओळीच्या कडेले लाल धागा बांधते, अन् पुढची फेक ज्या बाजूनं करायची त्या बाजूले धोटा ठेवते. कापड किती झालं ते डोळ्याले दिसते. पण तुम्ही कुठं होता अन् आता कोणता पाय दाबायचा, ते कापड सांगत नाही, धोटा सांगते. म्हणून घरातल्या लेकराले दुसरं काहीही हाती लागू द्यायचं, धोट्याले हात लावला की धपाटा. धागा कापडाले बांधलेला असते, मागाले नाही. कापड रुळावर सरकलं की धागाही त्याच्याच संगे सरकते.

मोनाली म्हणे, "ते आपोआप होते आजी, तू टाईप कर." मी टाईप करत राहिली.

सात शनिवार बरे गेले. तेवीस काठ झाले. आठव्या शनिवारी मी कणसाचा काठ काढला.

आता हा काठ काय होता ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मोनाली, हात खाली कर. हा माझ्या सासूचा काठ. चौसष्ट ओळींचा, ज्वारीचं कणीस वाऱ्यानं एका अंगाले झुकलं आहे असा. तिच्याशिवाय कोणी विणला नाही, अन् तिनं मलेच शिकवला. त्याचं एक लुगडं घरात उरलं होतं. ती गेल्यावर चार वर्षांनी भांडेवाली दारावर आली. मी ते लुगडं तिले दिलं अन् झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. जुनंच होतं, फाटलं होतं, माग चालू होता, वाटलं, काठ काय, कधीही विणता येईन. त्या डब्यात आजही तूरडाळ आहे. डबा चांगला निघाला. रोज सकाळी झाकण उघडते अन् रोज सासू आठवते, आता काय सांगू.

तं हा काठ मी एका दमात टिपला, तीन घंटे लागले. मंग वाचून पाहिला. बारावी ओळ दोनदा पडली होती, एक खोडली. आणि पुढं पाहते तं तिसावी ओळ चुकलेली. काडी तिथं नेली, आकडा बदलला, तं ती ओळच दुसरी झाली. मी म्हटलं, मीच चुकली असन, नजर काही आधीसारखी नाही. पुन्हा नीट केली. मंग शेजारची बिघडली. तिले नीट केलं, तं तिसरी. असं करता करता मी वीस ओळी उसवल्या. बाजूच्या खोलीत मोनाली होती, हाक मारता आली असती. मारली नाही. काहून? नातीच्या मैत्रिणी होत्या तिथं. आजीले जमत नाही असं तिच्या तोंडावर काहून आणायचं? चूक आपलीच आहे हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. शेवटी दिसायले सारं ठीक दिसलं. ठेवून द्यायची कळ दाबली, चांदणी गेली, घरी गेली, खिचडी टाकली.

पुढच्या शनिवारी उघडलं तं कणीस नव्हतं. नुसता कचरा होता.

मोनालीनं मागं-मागं जायची कळ दाबून पाहिली. पण तिचं ते मागं जाणं, एकदा बंद करून उघडलं की आधीचं काही राहत नव्हतं. आधीची प्रतही नव्हती, नवं ठेवलं ते जुन्यावरच ठेवलं गेलं. मी म्हटलं, रडू नको, पुन्हा सांगते. बसली सांगायले. पहिल्या अकरा ओळी आल्या अन् मंग डोळ्यापुढं तेच चुकीचे आकडे येत गेले. दोन वेळा, तीन वेळा. डोक्यातलं एकदा बाहेर काढलं होतं, आत त्याची जागा त्या कचऱ्यानं घेतली. एवढी वर्षं सांभाळलेलं मी माझ्याच बोटानं पुसलं, हे कळलं तेव्हा मले रडूही आलं नाही. फक्त थकवा आला, असा की वाटलं, इथंच शाल घेऊन आडवं व्हावं.

मोनाली म्हणे, "मॅडम, मी विषय बदलते. मले नाही करायचं हे."

मॅडम म्हणाल्या, "रडणं झालं की सांग, मंग बोलू." अन् माझ्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही काय चुकल्या ते सांगू नका. तुम्हाले काय दिसलं ते सांगा. पहिल्यापासून, हळूहळू."

माझ्या जन्मात मले असं कोणी विचारलं नव्हतं, खरं सांगते. चुकलीस काहून, हे सर्वांनी विचारलं. दिसलं काय, हे कोणी नाही. मी सांगितलं. बारावी खोडली, मंग तिसावीवर गेली. मॅडमनं तिथंच थांबवलं. "बारावी खोडल्यावर खालच्या ओळी पडद्यावर वर सरकल्या का?"

मी आठवलं. नव्हत्या सरकल्या.

झालं असं होतं की मोनालीनं मधल्या आठवड्यात आपलं सॉफ्टवेअर चपळ केलं होतं. प्रत्येक कळीले सारा पडदा पुन्हा काढायचा म्हणजे उशीर लागते, म्हणून आधी पडद्यावर काय काढलं होतं त्याचं चित्र ते ध्यानात ठेवायचं अन् जेवढी ओळ बदलली तेवढीच नव्यानं काढायचं. युक्ती चांगली, मॅडमही तेच म्हणाल्या. पण एक ओळ कमी झाली की खालच्या साऱ्या ओळींचा नंबर बदलते, हे त्या चित्राले कोणी सांगितलंच नाही. आतलं कापड एक ओळ सरकलं, वरचं चित्र जागेवर. मी चित्रावर बोट ठेवून राहिली होती अन् आकडा जाऊन राहिला होता दुसऱ्याच ओळीत. म्हणजे मी चुकली नव्हती. सातव्या शनिवारपर्यंत मले हे सॉफ्टवेअर जमत होतं, अन् आठव्यालेही जमतच होतं.

मॅडम मोनालीले म्हणाल्या, "आजीनं तुले पहिल्याच दिवशी विचारलं होतं, धोटा कोणत्या बाजूले आहे. तू म्हटलं, आपोआप होते. काय आपोआप होते? पडदा कापडावरून काढायचा, मोनाली. कापड पडद्यावरून नाही. अन् खूण बांधायची तं लिखाणाले बांध, पडद्याच्या नंबराले बांधू नको. वर एक ओळ कमी झाली की खुणेनं स्वतः सरकलं पाहिजे. आजीच्या लाल धाग्यासारखं."

पोरीनं केलं. तीन आठवडे लागले. ठेवताना जुनी प्रत बाजूले राहीन असंही केलं. मंग मॅडमनं मले बसवून सांगितलं, "आजी, आता मोडून दाखवा." मी वरून खोडलं, मधातून खोडलं, शंभर ओळी घातल्या, एका सपाट्यात काढल्या. नाही मोडलं. हे सांगताना माझी छाती फुगते, आता म्हातारी फुशारकी मारते म्हणा, पण माझ्या नातीचं ते सॉफ्टवेअर आज या विभागात पहिल्या वर्षाची पोरं वापरून राहिली. पुढच्या महिन्यात ती पुण्याले नोकरीवर चालली. हो, पेढे बाहेर आहेत.

पण कणीस?

मॅडमनंच विचारलं, "आजी, तोंडाले येत नाही, पण हाताले येईन का?"

माग आता कुठं? उमरेडले माझे दीर नानाजी, त्यांच्याकडं एक उभा आहे, वर कपडे वाळत घालतात. एका रविवारी आम्ही एसटीनं गेलो, मी, मोनाली अन् उत्तरा मॅडम. कॉलेजातल्या एवढ्या मोठ्या बाई, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. नानाजी दारातच म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षांनी पाय लागले अन् संगे मास्तरीण आणली? मी काय नापास झालो काय?"

मी म्हटलं, "भाऊजी, नापास मी झाली. माग मोकळा करा."

मागावर जुना ताणा, म्हणजे उभे धागे, तसाच होता. खड्ड्यात उतरताना दोघांनी धरलं. पाय खालच्या पावडीवर, त्या दाबायच्या फळीवर, ठेवले अन् काय सांगू, पायाले सारं ठाऊक. मी तोंडानं बोलायची नाही, हात धागे उचलायचा, मोनाली मोजून टिपायची. मॅडम खड्ड्याच्या काठावर बसून होत्या, त्यांच्या साडीले सारी धूळ. बारावी ओळ आली, वीस आली, एकोणचाळीस आली. अन् जिथं कणीस झुकायले लागते तिथं हात थांबला. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. नाही आल्या. त्रेचाळीसपासून पुन्हा आल्या, चौसष्टपर्यंत. मधल्या तीन नाही.

नानाजी म्हणाले, "टाका कशाही वहिनी. आता कोण पाहून राहिलं? बुढी काही वरून येऊन मोजत नाही."

अन् माझीही तयारी होती. पाठ गेली होती, गुडघे गेले होते. कशाही तीन ओळी सांगितल्या असत्या तं मोनालीनं टिपल्या असत्या अन् जगाले तोच सासूचा काठ वाटला असता. मॅडम म्हणाल्या, "नको आजी. आपण एकदा दिसायले ठीक करून पाहिलं. रिकाम्या ठेवा. खूण बांधून ठेवा."

म्हणून त्या फाईलमध्ये आज चाळीस काठ पुरे आहेत अन् एकात तीन ओळी कोऱ्या आहेत. तेव्हापासून दर रविवारी मॅडमचा फोन येते. नमस्कार नाही, तब्येत नाही. "आल्या का?" मी म्हणते, "नाही." त्या म्हणतात, "बरं." अन् फोन ठेवतात. सात महिने झाले. नात्यातलं कोणी नसताना, आपल्या तीन ओळींची वाट पाहणारं माणूस किती जणांच्या नशिबात असते?

आता निरोपाचं. सर्वांनी मॅडमले शाल दिली, श्रीफळ दिलं, सरांनी ते चांदीचं काहीतरी दिलं, छान आहे. मी रिकाम्या हातानं आली. म्हणजे भेट आणली नाही असं नाही, ती आणता येण्यासारखी नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी उमरेडले जाऊन आली. नानाजींनी नवा ताणा लावून दिला, कुरकुर केली, पण लावला. मी कणसाचा काठ घेतला अन् एकोणचाळीस ओळी विणल्या. दोन दिवस लागले, आधी दोन घंट्यांचं काम होतं ते. एकोणचाळिसावीवर थांबली. कडेले लाल धागा बांधला. नानाजीच्या नातवंडांना सांगून आली, हात लावाल तं पाहा.

मॅडम, उद्यापासून तुम्हाले सकाळची घाई नाही. माझी तं कधीचीच सरली. तुम्ही म्हणाल, आजी, थकलो आता. मीही थकली. पण बसूनच करायचं काम आहे ते. माझे पाय चालले तं मी विणते अन् तुम्ही पाहा. नाही चालले तं तुम्ही खड्ड्यात उतरा, मी वरून हात धरते. तीन ओळी आल्या तं घालू. नाही आल्या तं तिथंच कापड कापून तुमच्या खांद्यावर टाकते, अर्ध्या कणसाचं, अन् कोणी विचारलं तं खरं सांगा, की इथवर आठवत होतं.

प्राचार्य साहेबांनी एवढा वेळ मले माईक दिला, त्यांचे आभार. चपराशी भाऊंचे आभार, पंख्याबद्दल. जेवण थंड होऊन राहिलं, वास येते आहे, त्याबद्दल साऱ्यांची माफी मागते. बोलण्यात मानपान राहिला असन, कोणाचं नाव सुटलं असन, कॉलेजात शोभत नाही असं काही तोंडून गेलं असन, तं शिकली नसलेली बाई म्हणून पोटात घाला. मोनालीची दोन पानंही राहिली, ती तिलेच वाचायले लावा.

उमरेडची गाडी सकाळी साडेआठले आहे, मॅडम. अन् मी पोहोचायच्या आधी तुम्ही पोहोचल्या तं कोणाले काही विचारत बसू नका. धोटा डाव्या बाजूले ठेवून आली आहे.